एकांडा शिलेदार आणि आकाशातील लढाई

शनिवार पेठेतील शनिवारवाड्यासमोर थोरल्या बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. पुतळ्यात स्वार एकटाच असतो. इतिहासात तो एकटा नसतो. १७२८ साली पालखेड येथे निजामाला तोफखान्यापासून व पाण्यापासून तोडून मुंगी-शेवगावच्या तहास भाग पाडले, ते एखाद्या शिलेदाराच्या तलवारीने नव्हे, तर परस्परांशी मेळ राखून दौडणाऱ्या घोडदळाने. तथापि लोकमानसाला एकांडा शिलेदारच अधिक भावतो. लढाऊ वैमानिकाविषयीही हाच समज दृढ आहे. हवाई युद्धाचा इतिहास मात्र नेमके उलट सांगतो.

पहिल्या महायुद्धात ओस्वाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकाने १९१६ साली आपल्या सहकाऱ्यांसाठी आठ नियम घालून दिले. उंची आपल्याकडे असावी, सूर्य पाठीशी असावा, हल्ला मागून करावा, अशी ती व्यवहारी सूत्रे होती. दोघांनी एकाच शत्रूवर तुटून पडू नये, अशीही ताकीद त्यांत होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एका शत्रूविमानाच्या पाठलागात बोल्केचे विमान सहकाऱ्याच्याच विमानाला घासले आणि तो मृत्युमुखी पडला. मेळ चुकला की निष्णाताचीही गय होत नाही, याचे याहून विदारक उदाहरण कोणते?

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश विमाने तीन-तीनच्या दाट रचनेत उडत. शेजारच्या विमानाशी टक्कर टाळण्यातच दोघांचे लक्ष गुंतून राही. आकाश न्याहाळायला उरे तो एकटा नायक. उलट स्पेनच्या यादवी युद्धात व्हेर्नर मोल्डर्स व त्याच्या सहकाऱ्यांनी दोन जोड्यांची सैल रचना रूढ केली होती. पसरलेल्या चार बोटांच्या टोकांप्रमाणे विमाने अंतरावर राहत. एकाने हल्ला करावा व दुसऱ्याने त्याची पाठ राखावी, असा दंडक असे. ब्रिटिशांनी हा धडा बरीच किंमत मोजून गिरवला. अमेरिकी नौदलातील जॉन थॅच याने चपळ जपानी झीरो विमानांवर तोड काढली, तीही जोडीचीच. दोन विमानांनी आलटून पालटून एकमेकांकडे वळावे, म्हणजे एकाच्या पाठीस लागलेला शत्रू आपसूक दुसऱ्याच्या तोफांसमोर येई. १९४२ साली मिडवेच्या लढाईत ही युक्ती कसोटीस उतरली.

भारतीय हवाई दलानेही हे तत्त्व अनुभवाने जाणले. ३ सप्टेंबर १९६५ रोजी मिस्टेअर विमाने आमिषादाखल उंचावरून पुढे गेली. चिमुकली नॅट विमाने रडारच्या नजरेखालून त्यांच्यामागे होती. सेबर विमाने आमिषाकडे झेपावताच नॅट वर उसळली. स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांना या लढतीबद्दल वीरचक्र मिळाले. सेबर पाडल्याचा भारताचा दावा पाकिस्तानने मात्र मान्य केला नाही. आमिष बनून पुढे गेलेल्या वैमानिकांची नावे आज किती जणांना ठाऊक आहेत? त्याच दिवशी सहकाऱ्यांपासून तुटलेले एक नॅट पाकिस्तानातील पसरूर येथे उतरले व वैमानिक कैद झाला. एकाकीपणाचे मोल असे चुकवावे लागते.

क्षेपणास्त्रे व रडार यांमुळे आता शत्रू दृष्टीस पडण्यापूर्वीच लढाईचा निकाल लागू शकतो. परंतु त्यामुळे सहकाऱ्यांवरील भिस्त घटली नसून वाढलीच आहे. जमिनीवरील नियंत्रक आणि आकाशातील टेहळणी विमान हेही आता त्याच जोडीचे भागीदार झाले आहेत. सप्टेंबर २००२ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर जी सुखोई-३० एमकेआय विमाने हवाई दलात दाखल झाली, त्यांत तर आसनेच दोन आहेत.

पराक्रमाची मोजदाद पाडलेल्या विमानांवरून करण्याची प्रथा जुनी आहे. ज्याने केवळ मित्राची पाठ राखली, त्याच्या खात्यावर या हिशेबात काहीच जमा होत नाही. विद्यार्थ्यांना शौर्यकथा अवश्य सांगाव्यात. परंतु त्या सांगताना पाठ राखणाऱ्याचे नावही घेतले जावे. अन्यथा शौर्याचा अर्धाच धडा आपण पुढच्या पिढीच्या हाती ठेवू.