सत्तरीची रेषा आणि कैलासाची वाट

जालन्यात मोती तलावाच्या काठाने पहाटे पाच वाजता फिरावयास जाणाऱ्यांत एक निवृत्त गुरुजी आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षे अध्यापन करून २०११ साली ते सेवेतून मुक्त झाले. त्यांच्या चालण्याचा वेग असा, की चाळिशीतल्या प्रस्तुत लेखकास त्यांच्या बरोबरीने जाताना संभाषण आवरते घ्यावे लागते. २०१९ साली त्यांनी पासपोर्ट काढला तो एकाच हेतूने : कैलास-मानसरोवरची यात्रा करावयाची. २०२० साली करोनाची साथ आली, पाठोपाठ चीनच्या सीमेवर तणाव वाढला आणि यात्रा बंद पडली. ती पुन्हा सुरू होण्यास २०२५ चा उन्हाळा उजाडावा लागला. गुरुजींनी नियमावली मिळवून वाचली. त्या वर्षीच्या १ जानेवारीस अर्जदाराचे वय सत्तर वर्षांहून अधिक नसावे, अशी तीत अट होती. गुरुजींना तेव्हा एकाहत्तर पूर्ण झाली होती. यात्रा बंद राहिली ती पाच वर्षे वयातून वजा करण्याची तरतूद कोणत्याही कलमात नव्हती.

वृद्धांनी परदेशातील दुर्गम प्रदेशांत हिंडावे, डोंगर चढावेत, नाना देशांतील माणसांत मिसळावे, ही कल्पना आपल्याकडे अजून थोडी थट्टेची समजली जाते. अमेरिकेत १९७५ साली ‘एल्डरहॉस्टेल’ नावाची संस्था वयस्कांच्या अभ्याससहलींसाठीच निघाली व आज ती ‘रोड स्कॉलर’ या नावाने जगभर सहली नेते. आपल्याकडेही मुंबईच्या पर्यटन कंपन्या ज्येष्ठांसाठी स्वतंत्र परदेश सहली काढतात. तथापि सामान्य मराठी माणसाच्या दृष्टीने परदेशातील कष्टप्रद प्रवासाचे जुने रूप म्हटले तर कैलासाचेच. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी परदेशाची सीमा ओलांडून साडेपाच हजार मीटरहून उंच असलेल्या डोल्मा खिंडीतून जाणे आणि सुमारे ५२ किलोमीटरची परिक्रमा पायी करणे, याला साहस म्हणावयाचे नाही तर कशाला? आपले जालना समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे मीटर उंचीवर आहे. डोल्मा खिंडीत श्वासागणिक समुद्रकाठच्या मानाने निम्माच प्राणवायू मिळतो.

शासनातर्फे ही यात्रा १९८१ साली सुरू झाली. योगायोग असा, की जालना जिल्हाही औरंगाबादपासून वेगळा झाला तो त्याच वर्षीच्या १ मे रोजी. २०२५ मध्ये ५,५६१ अर्ज आले आणि संगणकाच्या सोडतीने ७५० जणांची निवड झाली. लिपुलेख खिंडीच्या मार्गाने खर्च माणशी सुमारे एक लाख चौऱ्याहत्तर हजार रुपये, सिक्कीममधील नाथू ला मार्गाने सुमारे दोन लाख त्र्याऐंशी हजार. निवड झाली तरी दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते, पुढे उंचीवर गेल्यावर पुन्हा एकदा होते, आणि वजन उंचीच्या प्रमाणात नसेल तर यात्रेकरूस तेथूनच परत पाठविता येते.

तेव्हा प्रश्न असा उद्भवतो, की प्रत्येकाचे हृदय, फुप्फुस आणि रक्तदाब तपासण्याची व्यवस्था दोन-दोन वेळा केलेलीच आहे, तर जन्मतारखेचा दाखला शरीराच्या परीक्षेहून वरचढ का ठरावा? या नियमामागे काहीच विचार नाही असे मी म्हणणार नाही. उंचावर एक माणूस आजारी पडला तर सारी तुकडी खोळंबते. त्याला खाली आणण्याचा खर्च व जोखीम शासनाच्या शिरावर येते. आणि हृदयविकाराचा संभव वयाबरोबर वाढतो, हे कोणताही डॉक्टर सांगेल. परंतु विरळ हवेमुळे होणारा पर्वतविकार वय पाहून येत नाही. धडधाकट तरुण घाईघाईने चढतो आणि आडवा होतो, सावकाश चढणारा वृद्ध पार होतो, हे हिमालयात नित्य घडते. पर्वताचा कोप तर वयाचा विचार मुळीच करीत नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये मालपा येथे दरड कोसळून सुमारे साठ यात्रेकरू गाडले गेले; त्यांत प्रसिद्ध नर्तिका प्रोतिमा बेदी होत्या आणि त्यांनी पन्नाशीही गाठलेली नव्हती. जपानचे युइचिरो मिउरा यांनी २०१३ साली ऐंशीव्या वर्षी एव्हरेस्ट सर केले. त्यांचे प्रतिस्पर्धी, नेपाळचे मिनबहादूर शेरचन यांनी शहात्तराव्या वर्षी तेच शिखर गाठले होते. २०१७ साली पंचाऐंशीव्या वर्षी तो पराक्रम पुन्हा करावयास ते गेले आणि तळछावणीवर मृत्यू पावले. ही दोन्ही उदाहरणे ध्यानात ठेवूनच मी लिहीत आहे.

शिवाय वाट पूर्वीची राहिलेली नाही. धारचुल्यापासून लिपुलेखच्या बाजूस मोटाररस्ता २०२० साली खुला झाला. जेथे पूर्वी दिवसचे दिवस पायी चढावे लागे तेथे आता गाडी जाते. २०१५ पासून उपलब्ध झालेला नाथू लाचा मार्ग तर बहुतांश गाडीचाच. कष्ट असे कमी झाले, सत्तरीची रेषा मात्र जागची हलली नाही. सत्तरीनंतर अधिक कठोर तपासणी घ्यावी, तपासणीचा आणि सुटकेच्या विम्याचा जादा खर्च ज्याचा त्याने सोसावा, परिक्रमेची परवानगी उंचावरील दुसऱ्या तपासणीनंतरच द्यावी, इतकी सुधारणा करावयास काय अडचण आहे? ज्याला जमणार नाही तो डॉक्टरांपुढे आपोआप गळेल.

सत्तरीनंतर माणूस काय करू शकतो, याचे उदाहरण शोधण्यास आपल्याला जपानपर्यंत जावयास नको. महर्षी धोंडो केशव कर्वे मार्च १९२९ मध्ये युरोपच्या प्रवासास निघाले तेव्हा त्यांना एकाहत्तरी पुरी होण्यास महिनाभर उरला होता. म्हणजे आमच्या गुरुजींचेच वय. इंग्लंडात माल्व्हर्न येथील शिक्षकांची परिषद, जिनिव्हा, डेन्मार्कमधील एल्सिनोर, बर्लिनला आइनस्टाइन यांची भेट, तेथून अमेरिका, पुढे जपान असा पृथ्वीप्रदक्षिणेचा मार्ग आक्रमून ते एप्रिल १९३० मध्ये परतले. आणि त्याच वर्षी डिसेंबरात आफ्रिकेस निघून केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका व दक्षिण आफ्रिका असे पंधरा महिने हिंडले. महिला विद्यापीठाचे कार्य जगापुढे मांडण्यासाठी आणि त्यासाठी निधी जमविण्यासाठी ही सारी यातायात होती. बोटीचा प्रवास, परकी भाषा, परके अन्न; आणि हे सारे ज्या वयात आपण माणसाला ओसरीवर बसवितो त्या वयात. पुढे ते एकशे चार वर्षांचे होऊन १९६२ साली वारले.

कर्व्यांना संस्थेचे निमित्त होते म्हणून लोकांनी त्यांना नावे ठेवली नाहीत, अशी शंका मला कधी कधी येते. कारण आपल्या समाजात वृद्धाच्या प्रवासाला निमित्त लागते. मुलगा अमेरिकेत आहे, सून बाळंत व्हायची आहे, म्हणून आई-वडील सहा महिने न्यू जर्सीला जाऊन राहिले तर त्यास कोणी उधळपट्टी म्हणत नाही. दोन विमाने बदलणे, भाषा न समजणाऱ्या विमानतळावर तासन्‌तास बसणे, कडाक्याच्या थंडीत नातवाला बाबागाडीतून फिरविणे, हेही साहसच की! मात्र तेच जोडपे स्वतःच्या हौसेने तिबेटात किंवा आइसलँडला जातो म्हणाले, तर ‘म्हातारचळ लागला’ हे शब्द घरात उमटतात. प्रवास तोच, खर्च कदाचित कमीच. फरक एवढाच, की पहिला मुलांच्या उपयोगाचा आहे आणि दुसरा नाही.

येथे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने दोन शब्द बोलावेत. फ्रँको मोदिग्लियानी या अर्थशास्त्रज्ञास १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात त्याच्या जीवनचक्र सिद्धान्ताचा मोठा वाटा होता. माणूस कमावत्या वयात साठवितो आणि निवृत्तीनंतर ती साठवण खर्चून जगतो, असे त्याचे थोडक्यात प्रतिपादन. वर्गात हा सिद्धान्त शिकविताना मला नेहमी वाटते, की त्याने आमच्या मराठवाड्यातील निवृत्त शिक्षक पाहिला नसावा. आमचा शिक्षक निवृत्तीनंतरही साठवितोच. उपदान मिळते त्यातून मुलीचे लग्न होते. निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाची रक्कम येते ती मुलाच्या भूखंडात जाते. भविष्य निर्वाह निधी नातवाच्या शिक्षणासाठी मुदत ठेवीत पडून राहतो. गुरुजी २०११ साली निवृत्त झाले आणि त्यांचा पासपोर्ट २०१९ साली निघाला. मधली आठ वर्षे कोठे गेली, हे आता निराळे सांगावयास नको. वास्तविक निवृत्तिवेतन म्हणजे कोणी दिलेली बक्षिसी नव्हे. नोकरीच्या काळात हाती न पडलेला, पुढे ढकललेला पगारच तो. तो कशावर खर्चावा हे ठरविण्याचा अधिकार ज्याने कष्ट केले त्याचा आहे. औषधांवर आणि पिठाच्या गिरणीवर केलेला खर्च तेवढा रास्त आणि खिंड ओलांडण्यासाठी केलेला खर्च चैनीचा, असा भेद मला माहीत असलेल्या कोणत्याही अर्थशास्त्रात नाही.

पण हा अधिकार बजावता येण्यासाठी मुळात हाती काही असावे लागते. २०२३-२४ या वर्षी भारतीयांनी परदेश प्रवासासाठी सुमारे १७ अब्ज डॉलर देशाबाहेर पाठविले. हा आकडा वाचून साऱ्या देशाला पाय फुटले आहेत असे वाटते. ज्यांना ते फुटले त्यांत निवृत्तिवेतनावर निर्धास्त असलेली गुरुजींची पिढी थोडीबहुत असेल. त्यांच्यामागून आलेल्यांचे काय? १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. मार्च २०२३ मध्ये त्यासाठी संप झाला, २०२४ साली शासनाने सुधारित योजनेचे पर्याय पुढे ठेवले. मीही त्याच पिढीतला असल्याने या विषयात तटस्थतेचा आव आणीत नाही. तासिका तत्त्वावर शिकविणारे माझे सहकारी तर निवृत्त कशातून होणार हेच ठरलेले नाही. दरम्यान ज्येष्ठांना रेल्वेच्या भाड्यात असलेली सवलत, पुरुषांना चाळीस आणि स्त्रियांना पन्नास टक्के, मार्च २०२० मध्ये थांबली आणि पाच वर्षे उलटल्यावरही पूर्ववत झालेली नव्हती. दिल्ली गाठल्यावाचून कैलास नाही, तेव्हा हा भुर्दंडही हिशेबात धरावा.

त्याहून खाली उतरले तर हिशेबच संपतो. मंठा किंवा परतूर तालुक्यात साठी उलटल्यावरही कापूस वेचावयास जाणाऱ्या कितीतरी स्त्रिया आहेत. पासष्टी पूर्ण झाली की श्रावणबाळ योजनेतून त्यांना २०२३ पासून दरमहा दीड हजार रुपये मिळू लागले. समजा, अशा एका बाईने त्यातील एक पैसाही न खर्चता साठविला, तर लिपुलेख मार्गाचे पैसे जमण्यास ११६ महिने लागतील. तोवर ती पंचाहत्तरीला पोचलेली असेल आणि सत्तरीची रेषा पाच वर्षे मागे पडलेली असेल. राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना काढली, साठी उलटलेल्या आणि वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या नागरिकास तीस हजार रुपयांपर्यंत खर्च देऊ केला, हे योग्यच झाले. परंतु तिची मर्यादा देशातल्या तीर्थांची आहे.

आणि तरीही ही बाई चालते. आषाढीनंतर शेगावची गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेने जालन्यातून जाते तेव्हा तिच्यामागून जाणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेल्या किती बाया-बाप्ये असतात ते ज्यांनी रस्त्याकडेला उभे राहून पाहिले असेल त्यांना हा वयोमर्यादेचा नियम किती पुस्तकी आहे ते वेगळे सांगावे लागणार नाही. शेकडो किलोमीटर, ऊन-पाऊस, शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम. त्यांचा जन्मदाखला कोणी तपासत नाही. हा मुलूखच मुळात घरकोंबडा नाही. आजचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी तेथील लोक सांची व भारहूतपर्यंत पोचले आणि स्तूपांना दान देऊन आपल्या गावाचे नाव दगडात कोरून आले. त्यांची वये शिलालेखांत दिलेली नाहीत.

गुरुजींनी अर्ज केला नाही, पत्रव्यवहारही केला नाही. चौतीस वर्षे शासनाची परिपत्रके वाचलेल्या माणसाला कोणत्या कलमाशी झगडावे आणि कोणत्या नाही, हे कळते. त्यांनी नेपाळातील मुक्तिनाथाचे ठरविले आहे. उंची पावणेचार हजार मीटरच्या आसपास, जोमसोमपासून जीप जाते. पण ते शेवटचा टप्पा पायी करणार आहेत आणि पत्नीने जीपमधून पुढे जाऊन वाट पाहावी असा करार झाला आहे. नेपाळच्या सीमेवर पासष्टीपुढच्या भारतीयांना आधार कार्ड पुरते, ही माहितीही त्यांनीच मला दिली. वय वाढल्याने एक सीमा बंद झाली तशी दुसरी सोपी झाली, म्हणून हसले. नातवाला शाळेतून कोणी आणावयाचे, या प्रश्नावर घरात दोन दिवस अबोला होता, तो आता मिटला आहे. पासपोर्टाची मुदत २०२९ पर्यंत आहे. मुक्तिनाथला त्याची गरज नाही, तरी पिशवीत तो घेतला आहे काय, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी चालण्याचा वेग वाढविला आणि मला धापा टाकीत मागे राहावे लागले.