ट्रॅक डेचे ब्रेक: गैरसमज आणि बोरघाटाची वस्तुस्थिती

छोट्या हॅचबॅकचं इंजिन रीमॅप करून, सस्पेन्शन बदलून ट्रॅक डेला निघणारे हौशी चालक आता ब्रेकवरही खर्च करतात, ही चांगली गोष्ट आहे. पण खरेदीच्या यादीत सर्वांत वर मोठी डिस्क आणि चार पिस्टनचा कॅलिपर असतो, ब्रेक ऑइल बहुधा नसतंच. ब्रेक जितका मोठा तितकी गाडी लवकर थांबते, हा समज त्यामागे आहे. कर्जत-खालापूरच्या रहिवाशांना तो तपासून पाहण्यासाठी लांब जायला नको. खंडाळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना ब्रेक फेल होऊन अवजड वाहनं पुढच्या गाड्यांवर आदळल्याच्या बातम्या त्यांना नव्या नाहीत. माथ्यावर नीट लागणारा ब्रेक पायथ्याशी येईपर्यंत दगा देतो, तो बहुतेक वेळा तापल्यामुळे. ट्रॅकवर छोट्या गाडीचंही तेच होतं. तिच्या ब्रेकची ताकद पुरेशी असते, उष्णता सोसण्याची क्षमता कमी पडते.

ताकद पुरेशी आहे हे कशावरून? जोरात पेडल दाबल्यावर एबीएस काम करू लागतं, म्हणजे ब्रेक चाक अडवण्याइतका जोर आधीच लावतो आहे. त्यापुढे गाडी किती अंतरात थांबेल हे टायरची रस्त्यावरची पकड ठरवते. कॅलिपर दुप्पट मोठा बसवला तरी टायर तेच असतील तर एका ब्रेकिंगचं अंतर घटत नाही. एबीएस फक्त आधी जागं होतं. थांबण्याचं अंतर कमी करायचं असेल तर खर्च चांगल्या टायरवर व्हायला हवा. मोठ्या ब्रेकचा उपयोग पहिल्या ब्रेकिंगला दिसत नाही, तो दहाव्या-पंधराव्या ब्रेकिंगला दिसतो.

थोडं गणित मांडू. चालकासह १,००० किलो वजनाची गाडी ताशी १२० किलोमीटरवरून ६० वर आणताना सुमारे ४१५ किलोज्यूल ऊर्जा काढून टाकावी लागते आणि तिचा मोठा भाग डिस्क-पॅडमध्ये उष्णता होऊन साठतो. हीच गाडी घाटात ५०० मीटर उंची उतरते तेव्हा एकूण सुमारे ४,९०० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे तशा बारा ब्रेकिंगइतकी. ज्या ट्रॅकवर फेरीत चार ठिकाणी असं जोराचं ब्रेकिंग आहे, तिथे तीन फेऱ्यांत जवळजवळ अख्ख्या बोरघाटाचा भार ब्रेकवर पडतो. ‘माझी गाडी घाट आरामात उतरते, मग ट्रॅकवर काय होणार?’ या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. घाटात खालच्या गिअरमध्ये इंजिन बराचसा भार उचलतं आणि वेळही जास्त मिळतो. ट्रॅकवर तोच भार काही मिनिटांत येतो, पुढच्या वळणाआधी डिस्क थंड होत नाही. रेल्वेने हे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलं. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाट लोहमार्गाचा चढ ३७ मध्ये १ इतका तीव्र आहे. तिथे नुसत्या ब्रेकच्या जोरावर विसंबून न राहता उतरणीचा वेग बांधून दिला गेला आणि सुटलेली गाडी अडवण्यासाठी चढाच्या कॅच सायडिंग ठेवल्या गेल्या.

उष्णतेचा पहिला घाव बसतो ब्रेक ऑइलवर. ‘ऑइल कमी झालेलं नाही, म्हणजे ठीक आहे’ हा सर्वांत धोकादायक गैरसमज आहे. हा द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेतो. डॉट ४ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की मानकाची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. उकळलेल्या द्रवात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. माथेरानच्या पायथ्याचा मुसळधार पाऊस आणि चार महिन्यांची दमट हवा सोसलेली गाडी हिवाळ्यात थेट ट्रॅकवर नेणं म्हणूनच चूक आहे. आधी ऑइल पूर्ण बदलून सर्किटमधली हवा काढून घ्यावी. मात्र सिलिकॉनचं डॉट ५ हे डॉट ४ किंवा ५.१ मध्ये कधीही मिसळू नये.

दुसरा घाव पॅडवर बसतो. पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही, हे पॅड तापल्याचं लक्षण. इथे लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि निव्वळ रेसिंगचे पॅड बसवून त्यावर रोजची गाडी चालवतात. असे पॅड तापल्यावरच नीट धरतात. पावसात घाट चढून आलेल्या थंड ब्रेकला पहिल्याच वळणावर ते कमी धरतील. जी गाडी सोमवारी कामाला जाते तिला रस्ता आणि ट्रॅक दोन्ही सांभाळणारे पॅड हवेत आणि ते डिस्कवर बसेपर्यंत टप्प्याटप्प्याने तापवायला हवेत.

मग मोठी डिस्क निरुपयोगी आहे का? नाही. जास्त वजनाची, हवा खेळती ठेवणारी डिस्क जास्त उष्णता सामावते; इंजिनाची ताकद बरीच वाढवली असेल तर ती लागतेच. पण तिला मोठं चाक लागतं, चाकाजवळचं वजन वाढतं, आणि मोठ्या पिस्टनला जुना मास्टर सिलिंडर अपुरा पडला तर पेडल लांब जातं. भोकं पाडलेली डिस्क शोभते, पण वारंवार तापण्या-निवण्याने भोकांच्या कडेला तडे जाऊ शकतात. साधी डिस्क इथे जास्त भरवशाची. ब्रेक ऑइलच्या स्टीलच्या जाळीच्या नळ्यांनी पेडलचा अंदाज सुधारतो, ताकद वाढत नाही. मागचे ड्रम काढून डिस्क बसवण्याची घाई तर करूच नये. ब्रेकिंगमध्ये वजन पुढे झुकतं, बहुतेक काम पुढची चाकंच करतात. मागचा ब्रेक अवाजवी तीव्र झाला तर गाडीची शेपटी सुटते.

‘बदल करून टाकले, कोण बघतंय?’ यालाही उत्तर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल मालकाला करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. वाहन विम्यातूनही शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. मूळ मापाचे चांगले पॅड आणि ताजं ऑइल यांत मूळ रचना बदलत नाही, हाही त्यांच्या बाजूचा मुद्दा आहे.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी ताजं ब्रेक ऑइल, मग योग्य पॅड आणि चांगले टायर, त्यानंतर डिस्कपर्यंत थंड हवा पोहोचवण्याची सोय, आणि तरीही कमी पडलं तरच मोठी डिस्क. ट्रॅकवर दर काही फेऱ्यांनंतर एक फेरी संथ घ्या आणि तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नका. परतीच्या वाटेवर बोरघाट उतरायचा असेल, तर निघण्याआधी पेडल तपासा आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरा.