गाणे सुरू, पण मागे ही घरघर कसली?

हौसेने म्युझिक सिस्टिम घ्यावी, दिवाणखान्यात तिची नीट मांडणी करावी, रात्री सामसूम झाल्यावर आवडत्या गायकाचा आलाप लावावा, आणि स्पीकरमधून आधी ऐकू यावा तो ‘घूंऽऽ’ असा सलग आवाज! गाणे मोठे केले की तो लपतो, पण दोन स्वरांमधल्या शांततेत पुन्हा डोके वर काढतो. दुकानदार म्हणतो, यंत्र उत्तम आहे. वायरमन म्हणतो, लाइन ठीक आहे. मग कुणीतरी सोपा तोडगा सुचवतो, ‘प्लगची जाड पिन काढून टाका.’ पुष्कळदा आवाज खरोखरच थांबतो. पण हे औषध रोगापेक्षा भयंकर आहे.

आवाज येतो कुठून?

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते आणि सेकंदाला ५० आवर्तने पुरी करते. ही ५० किंवा त्यांच्या दुप्पट १०० आवर्तने स्पीकरपर्यंत पोचली, की खालच्या पट्टीतली घरघर ऐकू येते. तीक्ष्ण किर्रकिर्र असेल, तर संशय पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर किंवा हलक्या प्रतीचे एलईडी दिवे यांच्यावर घ्यावा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर आवाज अधिक कर्कश होत असेल, तर तो बहुधा साध्या चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर असतो.

घरघरीचे नेहमीचे कारण मात्र अर्थिंगचा फेरा हे असते. समजा, अँप्लिफायरला प्लगमधून अर्थिंग मिळते आणि टीव्हीला जोडलेली केबल इमारतीबाहेर कुठेतरी वेगळ्या जागी जमिनीला जोडलेली आहे. या दोन जागांच्या विद्युतदाबात किंचित फरक असतो. दोन टाक्या नळीने जोडल्या आणि पाण्याची पातळी वेगळी असली, की नळीतून पाणी वाहू लागते. तसाच टीव्ही आणि अँप्लिफायर जोडणाऱ्या ऑडिओ वायरच्या बाहेरील जाळीतून बारीकसा प्रवाह वाहतो. अँप्लिफायर त्यालाही संगीतच समजतो आणि मोठा करून ऐकवतो.

ती पिन कशासाठी?

थ्री पिन प्लगमधली अर्थची पिन मुद्दामच लांब ठेवलेली असते. प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, हा हेतू. आतली फेजची तार सुटून यंत्राच्या धातूच्या पेटीला टेकली, तर अर्थिंगच्या वाटेने मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. पिन काढल्यावर ही वाट बंद होते. पेटीवर पूर्ण २३० व्होल्ट येऊन बसतात आणि यंत्र गाणे वाजवतच राहते. त्याला जोडलेल्या दुसऱ्या यंत्रापर्यंतही हा दाब ऑडिओ वायरमधून पोचू शकतो. फरशी पुसताना ओल्या हाताने कुणी त्या पेटीला स्पर्श केला, तर?

सॉकेटमध्ये अर्थची तार न्यूट्रलला जोडून देण्याची युक्तीही तितकीच घातक आहे. न्यूट्रल मागे कुठे तुटला, तर धातूची पेटी थेट जिवंत होते.

चोर असा पकडावा

प्रत्येक वायर काढण्या-लावण्यापूर्वी अँप्लिफायर बंद करावा. मग स्पीकर तेवढे ठेवून बाकी सर्व वायरी काढाव्यात आणि तो पुन्हा सुरू करावा. घरघर तरीही असेल, तर दोष बहुधा त्याच्या आतच आहे. जुन्या यंत्रात फिल्टर कपॅसिटर थकलेले असतात, ते जाणकार तंत्रज्ञाकडून बदलून घ्यावेत. आवाज थांबला असेल, तर एकेक वायर परत जोडत जावी. जी जोडल्यावर घरघर सुरू होईल, तिथेच चोर आहे. लॅपटॉपचा संशय असेल, तर चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा.

उपाय बहुतेक वेळा स्वस्तातला असतो. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि अँप्लिफायर ही यंत्रे एकाच सॉकेटवरून, चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावीत, म्हणजे सर्वांना एकाच ठिकाणचे अर्थिंग मिळते. फ्रिज आणि मिक्सर त्या बोर्डावर नकोत. विजेच्या आणि ऑडिओच्या वायरी एकत्र बांधू नयेत. एकमेकींना ओलांडायचेच असेल, तर काटकोनात ओलांडू द्याव्यात. रेकॉर्ड प्लेयरला वेगळी बारीक अर्थ वायर असेल, तर ती अँप्लिफायरच्या ग्राउंड स्क्रूला घट्ट बसवावी. टीव्हीपासून अँप्लिफायरपर्यंत ऑप्टिकल केबल वापरता आली, तर उत्तमच. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे त्या वाटेचा फेरा तुटतो. ती सोय नसेल, तर ऑडिओ वायरमध्ये बसवायचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो. स्टॅबिलायझर मात्र यासाठी घेऊ नये. तो विजेचा दाब सांभाळतो, अर्थिंगचा फेरा तोडत नाही.

अर्थिंगही तपासा

घराच्या अर्थिंगची तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. उन्हाळ्यात माती कोरडी पडली, की अर्थिंग कमजोर होते. म्हणूनच जुन्या पद्धतीच्या कोळसा-मिठाच्या खड्ड्यात पाणी घालण्याची रीत आहे. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. गळतीचा प्रवाह त्या मर्यादेपर्यंत पोचला, की तो क्षणार्धात वीज तोडतो. आणि घरातल्या एखाद्या प्लगची जाड पिन पूर्वीच कुणी काढलेली असेल, तर गाणे नंतर ऐका, आधी तो प्लग बदलून घ्या.