वेगाचे जास्तीचे पैसे कशाला?

२०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये ८२५ गिगाबाइटची एसएसडी आहे. यंत्रणेचा वाटा वजा जाता गेमसाठी त्यातले उरतात सुमारे ६६७. हल्लीचा मोठा गेम सहज १०० गिगाबाइट खातो, म्हणजे सहा-सात गेम झाले की एक काढल्याशिवाय दुसरा शिरत नाही. डिस्क विकत घेतली तरी सुटका नाहीच. डिस्कवरचा गेमही आधी एसएसडीवर उतरतो आणि तिथूनच चालतो.

मग दुकानातली पोर्टेबल हार्ड डिस्क यूएसबीला जोडावी, हा पहिला विचार. जोडता येते, पण तिच्यावरून प्लेस्टेशन ४ चेच गेम चालतात. ५ चे गेम तिथे फक्त ठेवता येतात.

हा कंपनीचा हट्ट नाही. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणाऱ्या टोकाला दर वेळी नव्या जागी पोचायला काही मिलिसेकंद लागतात. म्हणून प्लेस्टेशन ४ वरच्या ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’मध्ये रस्त्यावरच्या टपालपेटीसारख्या वस्तूंची माहिती डिस्कवर ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा लिहून ठेवावी लागली, काहींची तर ४०० वेळा. हे सांगितलं कन्सोलचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी, मार्च २०२० च्या भाषणात. एसएसडीत हलणारा भागच नसतो. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचते, आणि नवे गेम हा वेग गृहीत धरूनच रचता येतात. हार्ड डिस्क शंभर-सव्वाशे मेगाबाइटवर दमते.

तरीही ती निरुपयोगी नाही. १०० एमबीपीएसच्या ब्रॉडबँडवर १०० गिगाबाइटचा गेम उतरायला सव्वादोन तास लागतात, तेही लाइन पूर्ण वेगाने चालली तर. हार्ड डिस्कवरून तोच गेम आत घ्यायला पंधरा-वीस मिनिटं. आळीपाळीने दोन-तीनच गेम खेळणाऱ्याने एवढं गोदाम ठेवलं तरी भागतं.

बाकीच्यांसाठी कन्सोलच्या आत एम डॉट २ एसएसडीची खाच आहे. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून ती वापरता येते. एसएसडी पीसीआयई जनरेशन ४ ची एनव्हीएमई हवी. तशीच दिसणारी साटा एसएसडी चालत नाही. सोनीची शिफारस सेकंदाला ५,५०० मेगाबाइटची आहे. हीटसिंक सक्तीचा, आणि त्यासकट उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत. पीसीसाठीचे काही हीटसिंक याहून उंच असतात, तेव्हा आधी माप पाहा.

खरी उधळपट्टी वेगावर होते. ७,००० मेगाबाइटची एसएसडी घेतली म्हणून गेम त्या प्रमाणात लवकर उघडत नाही, कारण तो साडेपाच हजाराच्या हिशोबाने बांधलेला असतो. जनरेशन ५ ची तर घेऊच नका. खाच जनरेशन ४ ची, ती तेवढ्याच वेगाने चालणार. एका पेशीत तीनऐवजी चार बिट कोंबणारी स्वस्त क्यूएलसी एसएसडी लेखनाने लवकर झिजते हे खरं, पण गेम एकदा लिहिला जातो आणि शेकडो वेळा वाचला जातो. इथे ती भीती माझ्या मते अवाजवी आहे.

वाचलेले पैसे क्षमतेवर घाला. खाच एकच आहे: आज एक टेराबाइट बसवली आणि वर्षाने दोनची लागली, तर पहिली काढूनच दुसरी बसेल.