कच्च्या कॅसेटची साक्ष

आपल्याकडे ‘द क्रॅनबेरीज’ हा आयरिश बँड माहीत असतो तो बहुधा ‘झॉम्बी’मुळे. १९९३ साली इंग्लंडमधील वॉरिंग्टन येथे आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने केलेल्या बाँबस्फोटांत दोन मुलांचा जीव गेला. त्या संतापातून ते गाणे आले आणि पुढच्या वर्षी जगभर घुमले. पण तोवर बँडचे नाव झालेले होते, आणि ज्या गाण्यांनी ते केले त्यांचा स्वभाव अगदी निराळा होता. ती हलकी, काहीशी लाजरी आणि गिटारच्या झुळझुळत्या सुरांवर तोललेली होती. अशा गाण्यांना इंडी पॉप म्हणतात. मोठ्या कंपन्यांच्या झगमगाटापासून दूर, छोट्या लेबलांच्या आसऱ्याने १९८०च्या दशकात वाढलेला हा प्रकार. क्रॅनबेरीजच्या त्या काळातल्या कच्च्या ध्वनिमुद्रणांपैकी बरीचशी आता प्रसिद्ध झाली आहेत. ती ओळीने ऐकली की लोकप्रिय संगीताविषयीचा एक पक्का समज डळमळतो. समज असा, की कसलेला निर्माता नवख्या पोरांना हाताशी धरतो आणि गाणे स्टुडिओत घडवतो. इथे गाणे आधीच घडलेले होते. स्टुडिओने एकदा ते बिघडवले, आणि दुसऱ्या खेपेला बिघडू दिले नाही, एवढेच.

गोष्ट लिमरिक शहरातली. १९८९ साली नोएल आणि माइक हे होगन बंधू आणि ड्रमवादक फर्गल लॉलर यांनी नायल क्विन या गायकासह ‘द क्रॅनबेरी सॉ अस’ अशा थट्टेखोर नावाचा बँड काढला. वर्षभरात क्विन बाहेर पडला आणि त्याच्या जागी डोलोरेस ओ’रिओर्डन आली. लिमरिक परगण्यातल्या बॅलिब्रिकन या खेड्यातली, चर्चमध्ये आणि शाळेच्या गायनवृंदात गायलेली, अठरा वर्षांची मुलगी. नोएलने तिच्याकडे एका चालीची कॅसेट दिली. किशोरवयातल्या फसलेल्या प्रेमावर शब्द लिहून ती परतली, ते गाणे म्हणजे ‘लिंगर’. म्हणजे ज्या गाण्याने पुढे बँडला अमेरिकेत पोहोचवले, ते ओळख होताच जवळजवळ पूर्ण झाले होते. हा तपशील एरवी कौतुकाने सांगितला जातो. माझ्या मते तो पुरावा म्हणून वाचायला हवा. त्याच सुमारास ‘नथिंग लेफ्ट अ‍ॅट ऑल’ नावाची तीन गाण्यांची कॅसेट निघाली. लिमरिकच्या दुकानांत ठेवलेल्या तिच्या सुमारे ३०० प्रती काही दिवसांत संपल्या. पाठोपाठ ‘लिंगर’, ‘ड्रीम्स’ आणि ‘संडे’ यांचा समावेश असलेले डेमो इंग्लंडमधल्या कंपन्यांकडे गेले, आणि या पोरांना करारबद्ध करण्यासाठी चढाओढ लागली. १९९१ साली आयलँड रेकॉर्ड्सने बाजी मारली. कंपन्यांचे कान ज्या आवाजाने टवकारले, त्याच्यावर तोवर कोणाही नामांकित निर्मात्याचा हात फिरलेला नव्हता.

त्यानंतर जे झाले ते या कहाणीतले सर्वांत बोलके प्रकरण आहे, आणि नेमके त्याचाच उल्लेख चरित्रपर लेखांत एका वाक्यात उरकला जातो. १९९१च्या अखेरीस ‘अन्सर्टन’ ही चार गाण्यांची ईपी आली. स्थानिक स्टुडिओचे मालक हेच बँडचे व्यवस्थापक आणि हेच निर्माते, अशी तेव्हाची व्यवस्था होती. ईपीतली ‘नथिंग लेफ्ट अ‍ॅट ऑल’ आणि ‘पथेटिक सेन्सेस’ ही दोन गाणी पहिल्या कॅसेटवरचीच, नव्याने ध्वनिमुद्रित केलेली. त्यामुळे तुलना थेट करता येते. साधने सुधारली, ध्वनी भरला, पण गाण्यातली हवा कमी झाली. कालपर्यंत वाहवा करणाऱ्या ब्रिटिश संगीत-पत्रांनी नाके मुरडली. १९९२च्या सुरुवातीला त्याच निर्मात्याबरोबर पहिल्या अल्बमचे काम सुरू झाले, मतभेद टोकाला गेले आणि ते ध्वनिमुद्रण सोडून द्यावे लागले. ईपीतल्या चारपैकी एकही गाणे पहिल्या अल्बमवर नाही; डेमोंमधली ‘लिंगर’, ‘ड्रीम्स’ आणि ‘संडे’ मात्र आहेत.

मग व्यवस्थापनाची सूत्रे ‘रफ ट्रेड’ या लेबलचे संस्थापक जेफ ट्रॅव्हिस यांच्याकडे आली आणि निर्माता म्हणून स्टीफन स्ट्रीट आला. ‘द स्मिथ्स’ या बँडच्या ध्वनिमुद्रणांमुळे त्याचे नाव झाले होते, आणि क्रॅनबेरीजची पोरे त्याच बँडची गाणी ऐकत वाढलेली. डब्लिनच्या विंडमिल लेन स्टुडिओत अल्बम झाला आणि मार्च १९९३ मध्ये बाजारात आला. स्ट्रीटने काय केले ते कानाला स्पष्ट कळते. गिटारला जागा मोकळी करून दिली, आवाज पुढे आणला आणि डोलोरेसच्याच आवाजाचे थर एकावर एक रचून तिची साथ तिलाच करायला लावली. ‘लिंगर’ला तंतुवाद्यांची किनार लावली, पण किनारच. सुरावट, शब्द, आणि वरच्या सुरावर जाताना आवाजाला पडणारी ती घडी, जी ऐकताच आयर्लंडच्या पारंपरिक गाण्याची आठवण व्हावी, हे सगळे त्याला आयते मिळाले. आपल्याकडे पेटीवर नुसती चाल म्हणून दाखवली तरी चांगले भावगीत उभे राहते, तसाच हा मामला. १९९४ साली हाँगकाँगच्या फे वाँगने ‘ड्रीम्स’ कँटोनीज भाषेत गायले आणि ते वाँग कार-वाय यांच्या ‘चंगकिंग एक्स्प्रेस’ या चित्रपटात आले. स्टुडिओ, भाषा, गायिका, सगळे बदलले, तरी गाणे तेच राहिले.

यावर पहिला आक्षेप येतो तो बाजाराचा. गाणी इतकी सशक्त होती तर ब्रिटनमध्ये सुरुवातीला पडली का? ‘ड्रीम्स’ १९९२च्या शरदात आणि ‘लिंगर’ १९९३च्या फेब्रुवारीत एकल म्हणून निघाले, आणि दोन्हींची फारशी दखल घेतली गेली नाही. अमेरिकेच्या दौऱ्यात एमटीव्हीने ‘लिंगर’ वारंवार दाखवले, ते तिथल्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढले, आणि त्यानंतर, १९९४ मध्ये, तोच अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. हे खरेच आहे. खपाच्या बाबतीत दूरचित्रवाणीचा आणि नशिबाचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गाणे लोकांपर्यंत कसे पोहोचले आणि गाणे कसे झाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शिवाय अल्बम पडला तेव्हा आणि गाजला तेव्हा त्यातला एक सूरही बदललेला नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या डेमोंत थोरवी शोधणे हा संग्राहकांचा छंद असतो. बँड मोठा झाला म्हणून त्याच्या बाळपणीच्या बडबडीलाही अर्थ चिकटवला जातो. मान्य. पहिल्या कॅसेटवरची गाणी कच्चीच आहेत, डोलोरेसचा आवाज बिचकतो, ठेका जागोजागी ढिला पडतो, आणि लिमरिकचा हा बँड पुढे काही झाला नसता तर ती कॅसेट कोणी जपून ठेवली नसती. कच्चे तेच अस्सल, असे माझे म्हणणेच नाही. तसे असते तर स्ट्रीटचा अल्बम डेमोंपेक्षा उजवा ठरला नसता, आणि तो निःसंशय उजवा आहे. म्हणणे इतकेच, की तो उजवा ठरला तो भर घातल्याने नव्हे, तर कुठे थांबायचे ते कळल्याने. ‘अन्सर्टन’ मधे नसते तर हे सिद्ध करता आले नसते. बँड तोच, गायिका तीच, वर्ष-दीड वर्षाचे अंतर, आणि तरी एकीकडे पडझड आणि दुसरीकडे ‘ड्रीम्स’.

ही तुलना वाचकांनी स्वतः करून पाहावी. पहिल्या अल्बमला पंचवीस वर्षे झाली त्या निमित्ताने ऑक्टोबर २०१८ मध्ये निघालेल्या विस्तारित आवृत्तीत ही सुरुवातीची ध्वनिमुद्रणे एकत्र आहेत. पहिली कॅसेट, मग ‘अन्सर्टन’, आणि शेवटी अल्बम, हा क्रम सोयीचा. ती आवृत्ती निघाली तेव्हा डोलोरेस हयात नव्हती. १५ जानेवारी २०१८ रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी, लंडनमध्ये तिचा मृत्यू झाला. नव्या गाण्यांचे तिने केलेले डेमो मागे राहिले होते. उरलेल्या तिघांनी त्या डेमोंमधल्या तिच्या आवाजाभोवती वाद्ये रचून २०१९ मध्ये ‘इन द एंड’ हा बँडचा अखेरचा अल्बम पूर्ण केला, आणि त्याचाही निर्माता स्टीफन स्ट्रीटच होता.