भाव जुन्या गाडीचा, खर्च नव्या गाडीचा

गाडी दहा वर्षांची झाली की मोटार विम्याच्या घसाऱ्याच्या तक्त्यात धातूच्या सुट्या भागांवर ५० टक्के कपात लागते. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांवर ही ५० टक्के कपात पहिल्या दिवसापासूनच असते. फायबरग्लासवर ती ३० टक्के आणि काचेवर शून्य. आता हिशेब करा. घाटकोपरला एलबीएस मार्गावर एखाद्या टेम्पोने बारा वर्षांच्या मर्सिडीज ई-क्लासचा बंपर आणि बॉनेट चेपले आणि नुसत्या भागांचे बिल दोन लाख झाले, तर विमा कंपनी त्यातला लाखभर देणार आणि उरलेला लाख तुमचा. घसारा न कापणारी 'झिरो डेप' पॉलिसी पाच-सात वर्षांपुढच्या गाडीला सहसा मिळत नाही.

जुन्या डिझेल लक्झरी गाडीचे सगळे गणित या एका तक्त्यात आहे. चाळीस लाखांच्या पुढे विकली गेलेली गाडी बारा वर्षांनी समजा दहा लाखांना मिळते. गाडीचा भाव तीन-चतुर्थांश उतरला, पण तिच्या इंजेक्टरचा, टर्बोचा, गिअरबॉक्सचा भाव उतरलेला नसतो. ते भाग चाळीस लाखांच्या गाडीचेच आहेत आणि युरोच्या दराबरोबर वरच जातात. विमाही साथ सोडत जातो. पाचव्या वर्षापर्यंत गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, ५० टक्क्यांवर येते आणि त्यापुढे ती कंपनी आणि मालक आपसात ठरवतात.

'डिझेल आहे, इंधनात वसूल होईल' हा ब्रोकरचा आवडता मुद्दा. तोही आकड्यांत मांडून पाहू. २०२५ मध्ये मुंबईत डिझेल लिटरला नव्वदच्या आसपास होते आणि पेट्रोल एकशे तीनच्या पुढे. उपनगरातल्या रहदारीत डिझेल गाडीने लिटरला १० किलोमीटर दिले आणि तशाच पेट्रोल गाडीने ८, असे धरू. वर्षाला १० हजार किलोमीटर फिरणाऱ्याला डिझेल ९० हजारांचे लागेल, पेट्रोल सुमारे १ लाख २९ हजारांचे. वाचले ३९ हजार. ज्याची गाडी शनिवार-रविवारीच निघते आणि वर्षाकाठी ५ हजार किलोमीटर चालते, त्याचे वाचले साडेएकोणीस हजार. या गाड्यांच्या एका नव्या इंजेक्टरची किंमत पाच आकडी असते. चार सिलिंडरच्या इंजिनात असे चार, व्ही-६ मध्ये सहा. म्हणजे इंधनात वाचलेले पैसे एका इंजेक्टरच्या बिलात निघून जातात.

तेव्हा पाहायचे आहे ते इंजिन, आणि तेही नाव-गाव विचारून. २०१० नंतरच्या सी २२० सीडीआय, सी २५० सीडीआय, ई २५० सीडीआय या मर्सिडीजमध्ये बहुतेक करून २१४३ सीसीचे ओएम ६५१ इंजिन असते. याच्या सुरुवातीच्या गाड्यांत डेल्फीचे पिएझो इंजेक्टर होते. ते लवकर बिघडू लागले आणि कंपनीला अनेक गाड्यांत ते बदलून वेगळ्या प्रकारचे बसवावे लागले. त्या काळातली गाडी असेल तर 'इंजेक्टर कधी बदलले, बिल दाखवा' हा पहिला प्रश्न. ई ३५० सीडीआय, एमएल ३५० किंवा जीएल ३५० असेल तर आत तीन लिटरचे ओएम ६४२ असते. इंजिन तसे दणकट आहे, पण ऑइल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीत बसवलेला आहे आणि त्याची सील वयाबरोबर गळू लागते. सील किरकोळ किमतीची असते. तिच्यापर्यंत पोहोचायला मात्र टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड खोलावे लागते, म्हणून बिल फुगते ते मजुरीने. इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या सांध्याशी तेल ओघळलेले दिसले की विक्रेता म्हणतो, 'साहेब, थोडा ऑइल सीपेज आहे.' त्याचा 'थोडा' कूलरपासून सुरू होतो का, ते गाडी लिफ्टवर घेऊन पाहावे.

बीएमडब्ल्यूची ३२०डी आणि ५२०डी घेणाऱ्याने एन ४७ हे नाव पाठ करावे. १९९५ सीसीच्या या इंजिनाची टायमिंग चेन पुढे नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. २००७ ते २०११ च्या सुमारास बनलेल्या इंजिनांत ही चेन सैल होऊन तुटण्याच्या तक्रारी जगभर झाल्या. ती बदलायची तर गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन उतरवावे लागते, आणि ती चालताना तुटली तर इंजिनच संपले. ओळख एकच, थंड इंजिन. सकाळी गाडी पाहायला जाताना आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहा. बॉनेट गरम लागले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. सुरू केल्यावर पहिले काही सेकंद मागच्या बाजूने साखळी घासल्यासारखा आवाज आला, तर किमतीची घासाघीस करत बसू नका, तिथून निघा.

याच कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. ईजीआर कूलरमधून कूलंट गळून काजळीत मिसळायचे आणि गाडी पेट घेण्याचा धोका होता. आपण पाहतो आहोत ती गाडी त्या यादीत आहे का आणि असल्यास काम झाले का, हे चेसिस नंबर दिला की अधिकृत सर्व्हिस सेंटर सांगू शकते.

ऑडीचा रिकॉल आपल्या घरचा आहे. फोक्सवॅगन समूहाने डिसेंबर २०१५ च्या सुरुवातीला भारतातल्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावत असल्याचे जाहीर केले, कारण प्रदूषण चाचणी ओळखून वागणे बदलणारे सॉफ्टवेअर. त्यात फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५०० गाड्या होत्या. इंजिन ईए १८९, काळ २००८ ते नोव्हेंबर २०१५. त्या काळातली ए४, ए६ किंवा क्यू५ टू-लिटर टीडीआय बोरिवलीत विकायला उभी असेल, तर ती या ३६,५०० पैकी असण्याची शक्यता भरपूर. यातल्या बऱ्याच गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेल्या आहेत, त्यामुळे जन्मगाव मराठी म्हणून जीव लावायला हरकत नाही, पण सर्व्हिस बुकात त्या दुरुस्तीची नोंद आधी शोधा.

गिअरबॉक्सबद्दल एकच आकडा पुरे. बीएमडब्ल्यूचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी सांगते की तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, नाहीतर आठ वर्षांत बदला. गाडीची कंपनी म्हणायची, तेल आयुष्यभराचे. आयुष्य कुणाचे, पहिल्या मालकाचे की गाडीचे, हे तिने सांगितले नाही. बारा वर्षांच्या गाडीत तेल एकदाही बदलले नसेल, तर पहिला-दुसरा गिअर पडताना झटका बसतो का ते पाहायला गोरेगाव-मुलुंडच्या तुंबलेल्या रस्त्यासारखी जागा नाही. मग मुलुंडच्या नाक्यापलीकडे ठाण्याला जाऊन वेगात चालवून बघा. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे, तेव्हा चाचणी फुकटात होते.

किलोमीटरच्या आकड्यावर लोक फार भाळतात. '२०१२ ची, एकच मालक, ६२ हजार.' बोरिवलीहून बीकेसीला रोज जाणाऱ्याचे दिवसाला ४५ किलोमीटर आणि वर्षाचे २५० दिवस धरले, तर वर्षाला ११,२५० होतात. बारा वर्षांत १ लाख ३५ हजार. ६२ हजार खरेही असतील, मालकाकडे चार गाड्या असतील. पण मग ते गिअरबॉक्स, एबीएस आणि इतर कंट्रोल युनिटमध्ये साठलेल्या किलोमीटरशी जुळले पाहिजेत. मीटर मागे फिरवणारे बहुधा समोरच्या काट्यापुरतेच काम करतात. आणि कमी किलोमीटर म्हणजे कमी झीज, हेही मुंबईत खरे नाही. ताशी १५ च्या सरासरीने १ लाख किलोमीटर कापायला इंजिन ६,६०० तासांहून जास्त चालते, ताशी ६० च्या सरासरीने १,७०० तासही नाही. पुणे एक्स्प्रेस-वेवर दीड लाख धावलेली डिझेल गाडी अंधेरी-पवईत ७० हजार रांगलेल्या गाडीपेक्षा आतून स्वच्छ असण्याची शक्यता मोठी. रांगणाऱ्या डिझेलच्या ईजीआरमध्ये काजळी साठते, आणि पार्टिक्युलेट फिल्टर असेल तर तो स्वतःला जाळून साफ करण्याइतका, सुमारे ५५० ते ६०० अंशांपर्यंत, तापतच नाही. म्हणून गॅरेजवाले तो फिल्टर आतून पोकळ करून देतात. पीयूसी स्वतः समोर उभे राहून काढा. बीएस-४ डिझेलच्या धुराची मर्यादा १.६२ आहे, त्याआधीच्या गाड्यांची २.४५. आलेला आकडा या रेषेला चिकटलेला असेल तर कारण विचारा.

आता पाणी. सांताक्रूझ वेधशाळेची नोंद २६ जुलै २००५ ला २४ तासांत ९४४ मिलिमीटर होती. त्या दिवशी बुडालेल्या गाड्या बाजारातून कधीच गेल्या. पण २९ ऑगस्ट २०१७ ला ३३१ मिलिमीटर आणि १ ते २ जुलै २०१९ दरम्यान ३७५ मिलिमीटर पडले, तेव्हा आज विक्रीला असलेल्या या सगळ्या गाड्या रस्त्यावर किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये होत्या. अंधेरी आणि मिलन सबवे कधी भरतात हे तुम्हाला सांगायला नको. ड्राय-क्लीन केलेले सीट पाहू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून शेवटच्या फूटभरावर गाळाची रेघ आहे का पाहा, पुढच्या सीटखालच्या रुळांचा गंज पाहा, मॅटखालचा फोम दाबून वास घ्या. बीएमडब्ल्यूची बॅटरी डिकीत असते, तिच्या आसपासचे कनेक्टर हिरवे पडले असतील तर पाणी तिथवर आले होते.

याहून सोपी युक्ती कागदात आहे. विम्याचा नो-क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो. क्लेम घेतला की शून्यावर येतो. विक्रेत्याकडून मागच्या सहा-सात वर्षांच्या पॉलिसी मागा आणि ५० वरून अचानक शून्य झालेले वर्ष शोधा. त्या वर्षी पावसाळा कसा होता, हे पडताळायला फार वेळ लागत नाही.

आरसीवरच्या तारखा मात्र सावकाश वाचा. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दिवशी सुमारे १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. ६५ कोटींची ती खरेदी देशभर गाजली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे त्या गाड्यांची मुदत २०२५ च्या ऑक्टोबरच्या आसपास भरली. त्या वेळची कोणतीही लक्झरी गाडी आज घेतली तर फेरनोंदणी तुमच्या गळ्यात. फी ५ हजार रुपये, आणि आयात गाडी असेल तर ४० हजार. गाडीने वीस वर्षे ओलांडली की ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे अनुक्रमे १० हजार आणि ८० हजार. चाकणला जोडलेली की अख्खी आयात केलेली, हा फरक इथे आठपट पडतो. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर पंधरा वर्षांपुढच्या डिझेल गाडीला पाच वर्षांसाठी साडेतीन हजार. नूतनीकरण लांबले तर दर महिन्याला ५०० दंड.

आरसीवर बीएस-३ आहे की बीएस-४, हेही बघा. मुंबईला बीएस-४ एप्रिल २०१० मध्ये आले, उरलेल्या सगळ्या देशाला एप्रिल २०१७ पर्यंत. त्यामुळे एकाच सालच्या दोन गाड्या, एक अंधेरीची एमएच-०२ आणि दुसरी छोट्या शहरातली, वेगळ्या निघू शकतात. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून टांगती तलवार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती बंदी कायम केली, ऑगस्ट २०२५ मध्ये कारवाई थांबवली आणि त्याच डिसेंबरात हे संरक्षण बीएस-४ आणि पुढच्याच गाड्यांना ठेवले. मुंबईत अशी बंदी नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात हा विषय काढला आणि राज्य सरकारने सात जणांची समिती नेमली. बीएस-३ डिझेल आज घेणाऱ्याने पुढचे गिऱ्हाईक मिळेलच असे धरू नये. दिल्लीहून आलेली स्वस्त गाडी असेल तर तिची नोंदणी अजून जिवंत आहे का, एनओसी कोणत्या आरटीओच्या नावाने आहे आणि महाराष्ट्राचा कर कोण भरणार, हे टोकनच्या आधी लिहून घ्या.

एक गोष्ट बहुतेकांना गाडी घरी आणल्यावर आठवते. ५ सीरिजची लांबी ४.९ मीटर, ए६ ची त्याहून थोडी जास्त, पहिली क्यू७ पाच मीटरच्या वर आणि वजनाने दोन टनांहून जड. मुलुंड-घाटकोपरच्या नव्या टॉवरमधल्या स्टॅक पार्किंगच्या पाटीवर लांबी आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. ती आधी वाचून या.

माझा ठोकताळा असा आहे: दहा लाखांची गाडी घ्यायची तर तीन लाख पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवा. तेले, टायर, बॅटरी, सस्पेन्शन आणि एखादा इंजेक्टर एवढ्यातच ते संपतील. ते नसतील, तर त्याच दहा लाखांत तीन-चार वर्षांची साधी पेट्रोल सेदान घ्या. असतील, तर कंपनीचा स्कॅनर असलेल्या स्वतंत्र गॅरेजमध्ये गाडी नेऊ द्यायला जो विक्रेता तयार नाही, त्याला टोकनचा एक रुपयाही देऊ नका.