यंत्रणा लाखाची, ध्वनिमुद्रण कोणाचे?

उत्तम अॅम्प्लिफायर, दोन उभे स्पीकर आणि इंटरनेटवरून संगीत आणणारा स्ट्रीमर अशी यंत्रणा दिवाणखान्यात येते. लाखभर रुपये खर्च होतात आणि पहिल्याच आठवड्यात घरातली मंडळी बुचकळ्यात पडतात. मोबाइलवर गोड वाटणारी काही आवडती गाणी या यंत्रणेवर कर्कश आणि दाटीवाटीची वाटू लागतात. साहजिकच संशय यंत्रणेवर जातो, वायरी बदलल्या जातात, दुकानदाराला फोन होतात. प्रत्यक्षात अशा वेळी दोष बहुधा ध्वनिमुद्रणाचा असतो. लहान स्पीकरने तो झाकलेला असतो, एवढेच.

स्ट्रीमिंगमधील तांत्रिक उणीव आता बव्हंशी दूर झाली आहे. 1982 मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट माहिती असते. एमपी3 पद्धतीत ती जास्तीत जास्त 320 किलोबिटपर्यंत आक्रसते. अॅपल म्युझिकने जून 2021 पासून सीडीच्या तोडीचे व त्याहून वरच्या दर्जाचे संगीत जादा शुल्काविना देण्यास प्रारंभ केला. स्पॉटिफायने 2025 मध्ये हा पर्याय आणला. मात्र फोनवरून ब्लूटूथने स्पीकरकडे पाठवलेले संगीत वाटेत पुन्हा आक्रसते. त्यामुळे वायर किंवा वायफायवरील स्ट्रीमर वापरला नाही, तर वरच्या दर्जाचे पैसे वाया जातात. पण वाट कितीही रुंद झाली तरी मूळ मुद्रणच सपाट असेल तर काय? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार!

हा सपाटपणा आला कोठून, याचे उत्तर आवाजाच्या चढाओढीत आहे. दोन गाण्यांपैकी मोठ्या आवाजातले गाणे कानाला क्षणभर अधिक चांगले वाटते. या समजावर विसंबून 1990 च्या दशकापासून अनेक कंपन्यांनी मास्टरिंग करताना, म्हणजे मुद्रणावर अखेरचा हात फिरवताना, हळू आणि मोठ्या आवाजांतील अंतर कमी करून सारेच वर उचलले. ढोलाची थाप आणि गायकाची कुजबुज जवळपास एकाच पातळीवर आली. मेटालिका या रॉक समूहाच्या 2008 मधील ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बमने तर चाहत्यांचाच रोष ओढवून घेतला, कारण तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये अधिक मोकळी ऐकू येत होती. आता प्रमुख स्ट्रीमिंग सेवा सर्व गाण्यांची पातळी सारखी करून वाजवू शकतात. त्यामुळे या चढाओढीचा लाभ संपला. परंतु तेव्हा पुसला गेलेला चढउतार त्या आवृत्त्यांत परत येत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण जयपूरचे मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’चे. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील प्रार्थनागृहात, कोणतीही तालीम न करता हे वादन मुद्रित झाले. प्रत्येक वाद्यासमोर स्वतंत्र मायक्रोफोन न लावता एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या मायक्रोफोनच्या जोडीने वाद्यांसह त्या वास्तूचा घुमारही टिपला. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अल्बमला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाले. चांगल्या यंत्रणेवर तो ऐकताना वादक कोठे बसले आहेत हे डोळे मिटून सांगता येते. नव्या स्पीकरची परीक्षा घ्यायला याहून सुखद साधन विरळाच.

अशी मुद्रणे शोधायची कशी? स्ट्रीमिंग सेवांच्या शिफारशी श्रोत्याच्या आवडीनुसार होतात. मुद्रणाचा दर्जा त्यात सहसा डोकावत नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ध्वनिमुद्रकाचे नाव वाचता येई, ते पडद्यावर अनेकदा सापडतही नाही. तरीही नावांचा माग काढणे हाच सर्वांत भरवशाचा मार्ग. 1969 मध्ये म्युनिक येथे सुरू झालेली ईसीएम ही कंपनी स्वच्छ, मोकळ्या मुद्रणासाठी ख्यातनाम आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये तिने आपला संग्रह स्ट्रीमिंगवर खुला केला. त्यातच झाकीर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅक्लॉफ्लिन आणि यान गारबारेक यांचा 1987 मधील ‘मेकिंग म्युझिक’ हा अल्बम आहे. तो आवडला तर त्याच कंपनीचे पुढचे चार अल्बम ऐकावेत. शिफारशींच्या यादीपेक्षा हा धागा दूरवर नेतो.

आवृत्तीही तपासावी लागते. माइल्स डेव्हिस यांच्या 1959 मधील ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या बाजूच्या मुद्रणावेळी टेपयंत्र किंचित मंद चालले होते. परिणामी ती तीन गाणी अनेक दशके थोड्या चढ्या स्वरात वाजत राहिली. 1990 च्या दशकातील नव्या आवृत्त्यांत ही चूक सुधारली गेली. याउलट ‘रीमास्टर्ड’ हा शब्द म्हणजे हमखास सुधारणा नव्हे. कित्येकदा तो केवळ आवाज वाढवल्याची खूण असतो.

जुन्या हिंदुस्तानी संगीताच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. खरखर काढण्याच्या नादात तानपुऱ्याची आस आणि आकारातला श्वासही छाटला जातो. गळा तेवढा पोकळीत लटकत राहतो. एकच राग दोन-तीन आवृत्त्यांत उपलब्ध असेल, तर प्रत्येकीचा आलाप मिनिटभर, सारख्याच आवाजात ऐकावा. त्यापूर्वी खोलीत सतरंजी अंथरून जाड पडदे ओढलेले बरे, कारण नुसती फरशी आणि काच चांगल्या मुद्रणालाही कर्कश करतात. मग खरखर थोडी अधिक, पण तानपुऱ्याची जवारी शाबूत असलेली आवृत्ती संग्रही ठेवावी.